चाकांवरचें बिऱ्हाड

दिवाळी सरून नाताळच्या सुट्टीचे वेध लागले म्हणजे मोठ्या कुटुंबांत दरसाल एकच वाद निघतो. मुलांना समुद्र हवा असतो. वडील मंडळींना कुलस्वामिनीचें दर्शन राहून गेल्याची रुखरुख असते. आणि जिच्यावर घराचा सारा गाडा चालतो त्या गृहिणीला कोठेंही चालेल, पण चार दिवस भांड्यांना हात लागूं नये, एवढीच इच्छा असते. या तिन्ही इच्छा एकाच वाहनांत बसवून देण्याचें आश्वासन देणारी वस्तु अलीकडे आपल्याकडेही दिसूं लागली आहे. तिला कोणी कॅरॅव्हॅन म्हणतात, कोणी कॅम्पर व्हॅन. निजण्याची सोय, छोटासा ओटा, पाण्याची टांकी आणि शौचकूप हें सर्व आंत असलेली ही मोटार म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच होय. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरणही जाहीर केलें. आमच्या परिचयाच्या कांहीं घरांत तर ती विकत घेण्याची गोष्ट बोलण्यापलीकडे जाऊन हिशेबाच्या वहीपर्यंत आली आहे. म्हणून ती कोणीं घ्यावी, कशी पारखावी आणि घेतल्यावर कशी सांभाळावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

कल्पना परकी वाटली तरी आपल्याला ती अगदींच अनोळखी नाहीं. पंढरीच्या वारींत ज्यांनीं पाऊल टाकलें आहे त्यांनीं दिंडीबरोबर असणारी मालमोटार पाहिलीच असेल. राहुट्या, सतरंज्या, पिठाचीं पोतीं, मोठालीं पातेलीं आणि मागून पाण्याचा टँकर! ती मुक्कामावर आधीं जाते, आणि वारकरी पोंचतात तों पिठलें शिजत आलेलें असतें. विलायतेंत हौसेच्या प्रवासासाठीं असें फिरतें घर १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या नौदलांतील एका निवृत्त डॉक्टरानें बांधवून घेतलें. 'वाँडरर' हें त्या गाडीचें नांव. ती ओढावयास दोन घोडे, हांकावयास निराळा गाडीवान, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सूचना देण्यासाठीं तीनचाकी सायकलवरून पुढें जाणारा एक चाकर! त्या रमणीय प्रवासाला दोन नोकर होते, एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आपल्या गाडींत ते नसतात. आणि मग त्यांचें काम कोणाच्या वांट्याला येतें हें सांगावयास नको.

आमच्या घरीं या गाड्यांचीं माहितीपत्रकें प्रथम आलीं तेव्हां पुरुषमंडळी इंजिनाची ताकद आणि बिछान्यांची संख्या यांवर रंगून बोलत होती. काकूंनीं सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "यांत ओटा आहे ना? मग त्या ओट्यापाशीं उभें कोण राहणार?" कोणी कांहीं बोललें नाहीं. गाडीची पारख या प्रश्नापासूनच सुरू करावी असें आम्हांस वाटतें. घरच्या स्वयंपाकघरांत निदान ऐसपैस जागा असते, हाताखालीं जाऊ किंवा नणंद असते. गाडींतला ओटा हातभर लांबीचा, त्यापुढें एकच माणूस कसेंबसें उभें राहील एवढी जागा, आणि त्यावर आठ माणसांच्या पोळ्या करावयाच्या! ज्या सुट्टींत घरांतील एका माणसाला घरच्याहून अधिक अडचणींत तेंच काम करावें लागतें, ती सुट्टी त्या माणसाची नव्हे.

तेव्हां आमचा सरळ सल्ला असा कीं, ओटा चहा, मुलांचें दूध, म्हाताऱ्यांचा मऊभात आणि उपासाची भगर एवढ्यापुरताच मानावा. जेवण वाटेंतील स्वच्छ खानावळींत किंवा देवस्थानच्या प्रसादालयांत घ्यावें. ज्यांच्या घरीं अजून सोंवळ्याचा कांहीं आचार चालतो त्यांना बाहेरचें अन्न चालत नाहीं, ही अडचण आम्ही जाणतों. त्यांनीं आपला आचार जरूर पाळावा. मात्र त्याचा भार सुनेच्या मनगटावर टाकूं नये. दशम्या, लाडू, मेतकूट, भाजणी घरून न्यावी. आणि तेवढ्यानें भागत नसेल तर ज्याचें सोंवळें त्यानें आपला भात आपण शिजवावा. पूर्वीं काशीयात्रेला निघालेले मोठमोठे शास्त्रीपंडित वाटेंत स्वतःच चूल मांडीत, आणि त्यांत त्यांना कमीपणा वाटत नसे.

ओटा चहापुरता असला तरी अग्नि तो अग्निच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. तो गळला तर वर न जातां तळाशीं सांठतो. म्हणून सिलिंडरचें कपाट बाहेरून उघडणारें, आंतल्या बाजूनें हवाबंद, आणि तळाशीं वायु निघून जाण्यास छिद्र असलेलें पाहावें. पांच किलोचा सिलिंडर पुरे होतो. गाडी चालू असतां तो बंद असावा, आणि थंडी आहे म्हणून खिडक्या लावून शेगडीवर ऊब घेण्याचा मोह कोणी धरूं नये. तसें करतां करतां झोंपेंत माणसें दगावलीं आहेत.

ओट्यावर वांचविलेली जागा शौचकुपाला द्यावी. हा विषय चारचौघांत काढावयाचा नसतो असें मानणाऱ्यांची क्षमा मागून आम्ही तो काढीत आहों. मोटारचा प्रवास ठरला म्हणजे घरांतील बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणें कमी करतात. कारण कोणी उघड सांगत नाहीं, पण सर्वांस माहीत असतें: वाटेंत स्वच्छ जागा मिळेल याचा भरंवसा नसतो. परिणाम डोकेदुखी, उन्हानें घेरी, आणि परतल्यावर लघवीची जळजळ. मधुमेही आजोबांची अवस्था याहून बिकट. तासाभरानें गाडी थांबवा म्हणावयाचा त्यांना संकोच वाटतो आणि मग ते 'तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतों' म्हणून मागें राहतात. या वाहनाचा खरा उपयोग कोणता असेल तर तो हा, कीं जीं माणसें एरवीं मागें राहतात तीं यांत येऊं शकतात.

परंतु येथेंही कांहीं गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. या शौचकुपाखालीं साधारण वीस लिटरांची एक सुटी पेटी असते. आठ माणसें वापरूं लागलीं तर ती दिवसा-दीड दिवसांत भरते. परदेशांत कॅरॅव्हॅनच्या तळावर ती रिकामी करण्यास वेगळी जागा असते. आपल्याकडे तशी सोय फार थोड्या ठिकाणीं आहे. ती ओढ्यांत किंवा कोणाच्या शेताच्या कडेला ओतणें हा केवळ गबाळेपणा नव्हे, अपराध आहे. म्हणून गाडींतील शौचकूप रस्त्यावर व रात्रीं वडील मंडळींपुरतें राखावें, मुक्काम भक्तनिवासांत किंवा पर्यटन महामंडळाच्या आवारांत करावा, आणि पेटी तेथील शौचालयांत, परवानगी विचारून, घरांतील तरुणांनीं रिकामी करावी. तरुण म्हणजे मुलगे, हें आम्ही मुद्दाम लिहितों.

आतां गाडीच्या बांध्याकडे वळूं. आपल्याकडील पुष्कळशा कॅरॅव्हॅन पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या 'ट्रॅव्हलर'सारख्या प्रवासी गाड्यांच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. या कंपनीचें पूर्वींचें नांव बजाज टेम्पो. त्यामुळें आजही खेड्यापाड्यांत या गाडीला सर्रास टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतात, आणि ती दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याच्या गांवीं सहसा मिळतो. परदेशी बनावटीच्या झुळझुळीत गाडीपेक्षां हा गुण आम्हांस मोठा वाटतो. पाहावयास जातांना मापपट्टी आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणूस, दोन्ही बरोबर न्यावींत. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे तें मोजावें. आजींना घरांत जेवढ्या उंचीवर पाय टाकतां येतो त्याहून ती उंच असेल तर खालीं उघडणारी जादा पायरी आणि धरावयास दांडा बसवून घ्यावा. आंत ताठ उभें राहतां आलें पाहिजे. वांकून लुगडें नेसतां येत नाहीं.

बिछाने आणि आसनें यांचा हिशेब वेगवेगळा करावा. माहितीपत्रकांत 'चौघांना निजण्याची सोय' असें ठळक छापलेलें असतें. पण गाडी चालू असतां कोणीही आडवें होणें धोक्याचें आहे, म्हणून पट्टा लावून बसण्याचीं आसनें किती, हें आधीं विचारावें. बारा माणसांचें कुटुंब एका गाडींत मावेल ही आशा सोडून द्यावी. वडील मंडळी, लहान मुलें आणि एक कर्तें जोडपें या गाडींत, आणि बाकीचीं मागून साध्या मोटारींत, ही विभागणी आम्हांस व्यवहार्य वाटते. वजनाकडेही लक्ष असावें: शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो भार, आणि तो घाटांत ब्रेकवर येतो.

विजेविषयीं विक्रेते बोलतात त्यापेक्षां अंकगणित खरें बोलतें. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २,४०० वॉट-तास, अर्थात् घरच्या मीटरवरचीं जेमतेम अडीच युनिटें. हजार वॉट ओढणारें वातानुकूलन यंत्र ती दोन-सव्वादोन तासांत रिकामी करतें. दिवे आणि पंखे मात्र त्याच बॅटरीवर रात्रभर चालतात. छतावर सौरपट्ट बसविले तरी हें प्रमाण फारसें बदलत नाहीं. सबब, वऱ्हाड-मराठवाड्याच्या वैशाखांत ही गाडी भट्टी होते आणि पौषांत सुखाची होते, हें समजून सुट्टी ठरवावी.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. कोणतीही जुनी व्हॅन घेऊन ओळखीच्या सुतारांकडून आंत कपाटें ठोकून घेतलीं म्हणजे कॅरॅव्हॅन झाली, असें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणींतील मूळ वर्णन बदलेल असा फेरफार मनास येईल तसा करतां येत नाहीं. आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठीं एआयएस-१२४ हें स्वतंत्र मानक आहे. तेव्हां प्रमाणित बांधणीची गाडी घ्यावी, नाहींतर अपघाताच्या वेळीं विमा कंपनी हात वर करते. एकूण वजन ७,५०० किलोंच्या आंत असेल तर मोटारीचा हलक्या वाहनाचा परवानाच चालतो; भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीविषयीं जो घोळ होता तोही सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें मिटविला आहे. परवाना चालतो म्हणजे हात बसला असें मात्र नव्हे. या गाड्या उंच असतात; आडव्या वाऱ्यांत त्या डोलतात.

इतकें वाचूनही ज्यांची हौस टिकली असेल त्यांनीं गाडी विकत घेण्यापूर्वीं ती तीन-चार दिवस भाड्यानें घ्यावी आणि सर्वांनीं मिळून परीक्षेची एक सहल करावी. महाबळेश्वर किंवा गोवा त्यासाठीं निवडूं नये. तेथें सोयी इतक्या असतात कीं गाडीचे दोष झांकले जातात. आम्ही बुलढाणा जिल्ह्यांतील हिवरा आश्रमाचा रस्ता सुचवितों. पुण्याहून छत्रपति संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर आणि तेथून चिखलीच्या रस्त्यानें हिवरा आश्रम, परततांना लोणार. या मार्गावर मोठा महामार्ग आहे, खडबडीत राज्यरस्ता आहे, अरुंद बाजारपेठ आहे, आणि म्हाताऱ्यांना पाहतां येईल असें पुष्कळ कांहीं आहे.

सिंदखेडराजास लखुजी जाधवांचा वाडा आहे. जिजाऊंचें हें जन्मस्थान. तेथें १२ जानेवारीस लाखोंचा समुदाय लोटतो, म्हणून मोठें वाहन घेऊन त्या दिवशीं जाऊं नये. योगायोग असा कीं स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवसही १२ जानेवारीच; परंतु हिवरा आश्रमांतील उत्सव तिथीनें, म्हणजे पौष वद्य सप्तमीस होतो. त्यामुळें तो कधीं जानेवारींत तर कधीं फेब्रुवारीच्या आरंभीं येतो. मेहकरला शारंगधर बालाजीचें देऊळ आहे. काळ्या पाषाणाची ती प्रचंड विष्णुमूर्ति १८८८ सालीं सांपडली. येथें गाडी गांवाबाहेर उभी करून रिक्षानें देवळांत जावें, हेंच शहाणपणाचें.

हिवरा आश्रम हें गांवच आतां आश्रमाच्या नांवानें ओळखलें जातें. शुकदास महाराजांनीं येथें स्वामी विवेकानंदांच्या नांवानें आश्रम उभा केला. रोग्यांची सेवा हें त्यांच्या कार्याचें मूळ. त्याभोंवतीं दवाखाना, शाळा, कृषि महाविद्यालय अशा संस्था वाढल्या. महाराज २०१७ सालीं निवर्तले. उत्सव आणि संस्था चालू आहेत. विवेकानंद जयंतीच्या उत्सवाची सांगता महाप्रसादानें होते. पुरी आणि वांग्याची भाजी, एवढाच बेत. पण उघड्या शेतांत शिस्तीनें पंक्ती धरून बसलेल्या लाखोंच्या समुदायाला तो ट्रॅक्टरांतून आणून वाढला जातो. घरीं आठ पानें वाढतांना होणारी धांदल आठवून हें दृश्य पाहावें. येथें जातीपातीचा प्रश्न न विचारतां सारीं एका रांगेंत जेवतात, आणि हें मुलांना पुस्तकांतून शिकविण्यापेक्षां त्या रांगेंत बसवून शिकविणें सोपें. मात्र परीक्षेची सहल उत्सवाच्या दिवसांत आणूं नये. उत्सव उलगडल्यावर आठवड्यानें जावें. गांव शांत असतें, जवळच कोराडीचा जलाशय असतो, थंडी सुखाची असते. रात्रीं गाडी आवारांत उभी करावयाची तर आधीं विचारावें. आश्रम हा वाहनतळ नव्हे.

येथील एक रात्र माहितीपत्रकाच्या शंभर पानांहून अधिक सांगते. आजींना मध्यरात्रीं उठून दिव्याची कळ सांपडते कां? धाकट्याच्या रडण्यानें सगळ्यांचीच झोंप मोडते कां? टांकीचें पाणी सकाळपर्यंत पुरलें कां? आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत ओट्यापाशीं कोण किती वेळ उभें होतें? ही शेवटली नोंद कोणीतरी घड्याळ लावून खरोखरच करावी.

लोणारचें सरोवर काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेलें, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचें. तळाशीं उतरण्याची वाट गुडघेदुखीच्या माणसांना झेपणारी नाहीं. त्यांना कांठावरून तें दाखवावें आणि गांवांतील दैत्यसूदनाच्या देवळांत न्यावें. तेथील शिल्पें एक तासही पुरत नाहीं अशीं आहेत. पर्यटन महामंडळाचें निवासस्थान येथें असल्यानें परतीचा मुक्काम पक्क्या छपराखालीं करतां येतो, आणि गाडींतली रात्र बरी कीं खोलींतली, याची तुलनाही आपोआप होते.

याच प्रदेशांतून समृद्धि महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. त्यानें वेळ वांचतो हें खरें. पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर नागपूरहून पुण्यास निघालेली शयनयानाची बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसें आंतच गेलीं. बस दाराच्या बाजूवर पडल्यानें दार बंद झालें होतें. वांचले ते कांच फोडून बाहेर आले. निजण्याची सोय असलेलें कोणतेंही वाहन घेणाऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये. बाहेर पडण्याचे दोन मार्ग, दोन बाजूंना. कांच फोडण्याचा हातोडा हाताशीं. अग्निशामक नळकांडें दारापाशीं. हें नसेल तर गाडी कितीही सुरेख असो, परत करावी. रात्रीं दहानंतर ती चालवूं नये. मुक्काम बरोबरच असतांना रात्रीं धांवण्याचें कारणच उरत नाहीं.

राहिला मालकीचा प्रश्न. समजा, गाडी तीस लाखांना पडली आणि दहा वर्षांनीं दहा लाखांना विकली. म्हणजे वर्षाला दोन लाख झिजले. विमा, दुरुस्ती, उभी करण्याची जागा यांचा मिळून वर्षाला आणखी एक लाख धरूं. नोकरदार कुटुंबाला वर्षांत वीस दिवसांहून अधिक सवड क्वचित् मिळते. तेव्हां डिझेल सोडून रोजचे पंधरा हजार रुपये पडले! तेवढ्यांत भाड्याची गाडी मिळत असेल तर विकत घेण्यांत केवळ मिरवणें उरतें. तेंच तीन भावांच्या घरांनीं मिळून घेतली आणि साठ दिवस वापरली, तर हा खर्च पांच हजारांवर येतो. एकत्र कुटुंबाला या बाबतींत जो फायदा आहे तो सुट्या कुटुंबाला नाहीं.

उभ्या गाडीचीही निगा लागते. टायर झिजण्यापूर्वींच म्हातारे होतात. त्यांच्या कडेवर कोरलेल्या चार आंकड्यांवरून वय कळतें, जसें २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पांच-सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत दिसली तरी त्यांवर घरचीं माणसें बसवूं नयेत. पंधरा दिवसांतून एकदां गाडी चालवावी, टांकी कोरडी ठेवावी, पावसाळ्यांत उंदरांपासून तारा सांभाळाव्या.

आणि सामायिक गाडीचा करार बोलाचालीवर न ठेवतां कागदावर करावा. नोंदणी एकाच्याच नांवें होईल, पैसे तिघांचे. तो एकजण उद्यां नसला तर त्याच्या बायकोमुलांचा व इतरांचा हक्क काय, दिवाळीची सुट्टी कोणत्या वर्षीं कोणाची, परत आणतांना डिझेल किती भरलेलें असावें, ओरखडा पडला तर खर्च कोणाचा, आणि ती वीस लिटरांची पेटी धुऊन ठेवण्याची पाळी कोणाची, हें सर्व गाडी दारांत येण्यापूर्वीं लिहून, तिन्ही घरांतील पुरुषांबरोबर बायकांच्याही सह्या त्यावर घ्याव्या.